वाघीण कुणाला हवी असते?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं कापून:

"ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शाळेत शिकवते. वय २८. माझे बाबा २००६ साली गेले, शेतकरी आत्महत्यांच्या यादीतलं एक नाव. मी नऊ वर्षांची होते, भाऊ पाच. आईवरून सुचलेली एक दीर्घकथा मी लिहिली आहे, सोबत पाठवते. कथेतली आई तीन एकर वावर एकटीनं करते, दुसऱ्यांच्या निंदणाला जाते, मुलांना शिकवते. पण त्यात एक प्रसंग आहे. बाबा गेल्यावर दीडेक महिन्यानं भाऊ 'बाबा कवा येतीन' असं दिवसभर विचारत राहतो, आणि आई त्याला पऱ्हाटीच्या काडीनं झोडपते. मग दोन दिवस ती उठतच नाही. चूल पेटत नाही. शेजारच्या काकू भाकर देतात. लेखन कार्यशाळेत कथा वाचली तेव्हा मार्गदर्शक सर म्हणाले, हा प्रसंग काढा, नायिकेची उंची कमी होते. स्त्रियांच्या चळवळीत काम करणारी माझी मैत्रीण म्हणाली, खचलेल्या बाया किती दिवस लिहायच्या, आई कणखरच दाखव. मागच्या ८ मार्चला गावात आईचा 'वाघीण' म्हणून सत्कार झाला. घरी येऊन शाल पेटीत ठेवताना ती म्हणाली, 'मले कोनी इचारलं का, तुले वाघीन व्हाचं हाय का म्हून?' ताई, प्रसंग ठेवू की काढू? आणि आईला कथा वाचायला देऊ का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल."

प्रिय लेकी,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. प्रसंग ठेव. काही काढायचंच असेल तर शेवटचं पान काढ, जिथं आई हातात विळा घेऊन बांधावर उभी आहे आणि पूर्वेला तांबडं फुटतंय. ते पान तुझं वाटत नाही, सत्काराच्या भाषणातून उचलल्यासारखं वाटतं.

आता सरांचं म्हणणं. मुलाला मारलं की आईची उंची कमी होते, हे मराठी वाचकानं तरी म्हणू नये. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तिच्यात आई श्यामला चांगला चोप देते. पोहायला जायचं टाळून तो लपून बसतो, ती त्याला शोधून काढते आणि मारत बाहेर घालवते. इतक्या पिढ्यांनी ते वाचलं, कुणाला ती आई छोटी वाटली नाही. कारण त्या मारातून काहीतरी निघतं, पोरगं पोहायला शिकतं. तुझ्या कथेतल्या मारातून काहीच निघत नाही. भाऊ काही शिकत नाही, आईलाही मोकळं वाटत नाही. सरांना टोचलंय ते हे. आई चिडली, रडली, उपाशी राहिली तरी चालेल, पण ते सगळं शेवटी लेकराच्या भल्याचं निघालं पाहिजे, अशी आपल्याकडे न लिहिलेली अट आहे. तुझ्या कथेतली बाई त्या संध्याकाळी आधी नवरा गेलेली बाई होती, आई नंतर.

मार योग्य होता असं मी म्हणत नाही. तूही म्हणू नकोस. पाच वर्षांच्या पोराच्या पाठीवर वळ उठले ते उठले. कथेनं तिथून नजर काढू नये, एवढंच.

मैत्रिणीचं म्हणणं मात्र मी इतक्या सहज झटकणार नाही. तिचा वैताग जुना आहे आणि खरा आहे. हरिभाऊ आपट्यांची यमू १८९० च्या दशकात मराठी घराघरांत पोचली, तेव्हापासून सोसणारी, केशवपन होणारी, झिजून मरणारी बाई वाचून आपण डोळे पुसत आलो. 'पण लक्षात कोण घेतो' हे पुस्तक मोठंच आहे, त्यातला राग आजही जिवंत आहे. पण त्याच्या मागून आलेल्या शेकडो कथांनी त्यातला राग सोडला आणि डोळ्यांतलं पाणी तेवढं घेतलं. त्याला कंटाळून कुणी 'आता कणखर बाई दाखवा' म्हणत असेल तर मी समजू शकते. फक्त हतबल बाईच्या जागी वाघीण आणून बसवली की काम झालं, असं तिला वाटतंय, तिथं मी थांबते. हतबल बाईकडे बघून लोक हळहळतात आणि निघून जातात. वाघिणीकडे बघून टाळ्या वाजवतात आणि निघून जातात. बाई दोन्ही वेळा एकटीच उरते.

हिरकणीची आख्यायिका घे. कोजागिरीच्या रात्री रायगडाचे दरवाजे बंद झाले, खाली तान्हं बाळ, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सत्कार केला, तिथं बुरूज बांधला. आज एसटीची गाडी हिरकणी, स्थानकावर बाळाला पाजायची खोली म्हणजे हिरकणी कक्ष. गोष्ट सुंदर आहे, मला आवडते. पण ती बुरुजापाशी संपते. दुसऱ्या सकाळी सोललेल्या तळव्यांनी तिनं धार कशी काढली, पुन्हा गडावर दूध घालायला गेली तेव्हा त्या कड्याकडे तिला बघवलं का, हे गोष्टीत नाही. आणि गडावर दूध घालणाऱ्या बाईसाठी एक रात्र दरवाजा उघडायला कुणाची काय हरकत होती, हे तर मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तुझी कथा दुसऱ्या सकाळची आहे. म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

तू विचारलेलं नाहीस, तरी काही कादंबऱ्यांबद्दल सांगते. आघातानंतरची आई कशी लिहितात हे मी त्यांच्यातून शिकले.

पहिली टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड', १९८७ ची. तिच्यामागे खरी घटना आहे. १८५६ साली मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई गोठलेली ओहायो नदी ओलांडून केंटकीतून पळाली, पकडायला माणसं आली तेव्हा मुलीला पुन्हा गुलामीत जाऊ द्यायचं नाही म्हणून तिनं तिचा जीव घेतला. कादंबरीतली सेथा तेच करते, आणि पुढं अठरा वर्षं त्या मुलीच्या भुतासोबत राहते. यातली एक जागा तुला दाखवायची आहे. जुन्या मळ्यावरचा सोबती पॉल डी खूप वर्षांनी घरी येतो. पळायच्या आधी सेथावर काय गुदरलं ते ती त्याला सांगते. मळा चालवणाऱ्याच्या घरातल्या पोरांनी तिला धरून तिचं दूध काढून घेतलं होतं, आणि तिनं तक्रार केली म्हणून पाठ फोडली होती. पॉल डी विचारतो ते चाबकाबद्दल. पोटात मूल असताना मारलं का, हेही विचारतो. ती प्रत्येक वेळी सांगते, त्यांनी माझं दूध घेतलं. माराची गोष्ट तिच्या लेखी मागची आहे. आपल्याला सर्वात भयंकर वाटतं ते तिला सर्वात भयंकर वाटत नाही. जखम कुठली मोठी, हे तिनंच ठरवलंय. आता तुझ्या कथेकडे ये. तू बाबांचं जाणं मध्यभागी ठेवलंस, ते स्वाभाविक आहे. पण आईला विचारून बघ, तिची सर्वात मोठी जखम तीच आहे का. कदाचित तिला आठवत असेल ती पंचनाम्याच्या वेळी अंगणात जमलेली गर्दी, किंवा कुणीतरी विचारलेला भलताच प्रश्न. तो तुला ठाऊक नसेल.

त्याच कादंबरीतलं दुसरं. शेवटाकडे सेथा कोसळते. कामावर जाणं सुटतं, घरात खायला राहत नाही. तेव्हा वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेली धाकटी डेन्व्हर भीत भीत अंगणाबाहेर पाऊल टाकते आणि लहानपणीच्या शिक्षिकेकडे जाऊन घरातली अडचण सांगते. मग अंगणाच्या कडेच्या बुंध्यावर वस्तू दिसायला लागतात. घेवड्याची पिशवी, अंड्यांची टोपली, कशावर नाव लिहिलेला चिटोरा. डेन्व्हर एकेक भांडं परत करायला जाते आणि त्या निमित्तानं बाया ओळखीच्या होत जातात. पुढं त्यातल्याच तीसेक बाया भुताला हुसकायला घरासमोर येऊन उभ्या राहतात. याच बायांनी अठरा वर्षं त्या घराकडे पाठ फिरवलेली होती, हेही मॉरिसन विसरू देत नाहीत. सेथाला जे वाचवतं ते तिच्या एकटीच्या अंगात नव्हतंच. थोडं मुलीच्या पावलात होतं, थोडं शेजारच्या भांड्यात.

तुझ्या कथेत शेजारच्या काकूंना एक वाक्य आहे! "काकू भाकर द्यायच्या." अगं, कथा तर तिथं आहे. काकूंनी भाकर कुंपणावरून दिली की आत येऊन? सोबत काय होतं, ठेचा, वरण? त्यांच्या घरातल्या पुरुषांनी विचारलं असेल ना, रोज किती भाकरी तिकडे जातात म्हणून? पहिल्या दिवशी त्या आईशी काय बोलल्या? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई उठली ती कशामुळं? तू लिहिलंस, "आमच्याकडे बघून तिच्यात बळ आलं." मला ते खरं वाटत नाही. दोन दिवस तुम्ही तिथंच होतात की तिच्यासमोर. कुणीतरी आत येऊन तिचे केस विंचरले असतील, दोन शिव्या दिल्या असतील, नाहीतर नुसतं शेजारी बसून तूर निवडली असेल. ते शोध आणि लिही.

दुसरी एमा डॉनह्यू यांची 'रूम', २०१० ची. एका माणसानं पळवून नेलेली तरुण मुलगी बागेतल्या शेडमध्ये सात वर्षं कोंडलेली आहे, तिथंच तिला झालेला जॅक पाच वर्षांचा आहे. आत असताना ती अफाट आहे. व्यायामाची वेळ ठरलेली, वाचनाची ठरलेली, अंड्याच्या टरफलांचा साप बनवलेला. आणि तरीही काही दिवस असे येतात की ती पांघरुणाखालून उठतच नाही. जॅक त्या दिवसांना ओळखतो. 'मा गेलेली आहे' असं म्हणतो, आपलं आपण खातो आणि वाट बघतो. तुझ्या न पेटलेल्या चुलीचे दोन दिवस वाचताना मला हेच आठवलं. डॉनह्यूंनी ते लपवले नाहीत, त्यावर खुलासाही दिला नाही. पुढं तर आणखी धीट काम आहे. सुटका झाल्यावर, सगळं सुरक्षित झाल्यावर ती आई कोसळते, जीव द्यायला बघते. त्याआधी टीव्हीवरच्या मुलाखतीत तिला विचारलेलं असतं, बाळ झालं तेव्हाच त्या माणसाला ते दवाखान्याबाहेर ठेवून यायला सांगावं, असं तुला वाटलं नाही का? मूल एवढं मोठं होईपर्यंत पाजतेस, यावरूनही छेडलेलं असतं. सात वर्षांच्या कोंडवाड्यात जे तग धरून होतं, त्याला जगानं विचारलेल्या प्रश्नांनी तडा जातो. सत्कार आणि उलटतपासणी एकाच खुर्चीवर बसवून होतात, हे तुझ्या आईला ८ मार्चला बहुधा जाणवलं असावं.

'रूम' पूर्ण जॅकच्या तोंडून आहे. 'श्यामची आई' श्यामच्या. आई वाचायची म्हटलं की आपल्याला लेकराच्याच डोळ्यांनी वाचायची सवय. तुझीही निवेदक नऊ वर्षांची लेक आहे. हरकत नाही, पण मग तिच्या उंचीवरूनच बघ. मधल्या पानांवर तू एकदम आईच्या मनात शिरून "तिला वाटलं, आता आपणच या लेकरांचे बाबा" असं लिहितेस. तुला कसं कळलं? नऊ वर्षांच्या पोरीला दिसतं ते आईचं तोंड भिंतीकडे, पाठीखाली चुरगळलेला पदर, कोपऱ्यात थंड पडलेली राख. तेवढंच दे. आईच्या मनाची रिकामी जागा रिकामीच राहू दे. ती भरायचा मोह आवरणं हाही तिचा मान ठेवणंच आहे.

महाश्वेता देवींची 'हजार चुराशीर मा' तू वाचली असशील, १९७४ ची, पुढं निहलानींनी चित्रपटही केला. नक्षल चळवळीत मारला गेलेला व्रती, शवागारातला त्याचा क्रमांक १०८४, आणि त्याची आई सुजाता. मला त्यातली मोटार विसरता येत नाही. मुलाचं प्रेत ओळखायला जायचंय आणि बाप घरची गाडी देत नाही, कुणी शवागारापाशी ती उभी पाहील म्हणून. सुजाता बँकेत नोकरी करते, सुखवस्तू घरातली आहे, आणि त्या घरात तिला शोक करायला जागा नाही. त्याच रात्री मारल्या गेलेल्या सोमूची गरीब आई धाय मोकलून रडते. सुजाताचं दुःख अख्खा दिवस आवळलेलं राहतं आणि शेवटी किंकाळीतून फुटतं. कणखरपणा अनेकदा घरच्यांच्या अब्रूसाठी असतो, हे इतकं थेट मी दुसरीकडे वाचलं नाही. तुमच्या घरी बाबा गेल्यावर आईनं रडू नये असं कुणाला वाटत होतं? आत्या? काका? त्यांना कथेत आण.

अमृता प्रीतम यांच्या 'पिंजर'मधली एकच जागा सांगते. पळवून नेलेली पूरो मटार सोलत बसलीय, शेंगेत अळी निघते, आणि पोटातल्या बाळाबद्दलची सगळी किळस त्या अळीपाशी येऊन थांबते. कादंबरी तिथूनच सुरू होते. १९५० साली एका बाईनं हे लिहून ठेवलंय, आणि आपण अजून पऱ्हाटीच्या काडीपाशी अडलोय. आई झाली की माया आपोआप येते, या समजुतीला तिनं पहिल्याच पानावर टाचणी लावली. पुढं हीच पूरो एका वेड्या बाईचं अनाथ मूल छातीशी धरते. दोन्ही खरं.

मैत्रिणीला ॲड्रिएन रिच यांचं 'ऑफ वुमन बॉर्न' वाचायला सांग. स्त्रीवादातलं पायाभूत पुस्तक, १९७६ चं. तीन मुलांची ही आई पुस्तकाच्या सुरुवातीलाच स्वतःची डायरी उघडी करते. मुलांवरची अपार माया आणि त्यांच्यावरचा जीवघेणा संताप, एकापाठोपाठ एक. आईपण जगणं वेगळं आणि समाजानं आईपणाची जी संस्था उभारलीय ती वेगळी, असं त्या म्हणतात. आईला रागवायचा हक्क नाही, ही त्या संस्थेची अट. ती मोडणारा प्रसंग तू लिहिलास आणि चळवळीतलीच मैत्रीण तो काढ म्हणतेय, हे तिच्या लक्षात आणून दे. भांडू नकोस, चहाला बोलाव.

आता पैशाचं. कथेत तू एका ओळीत लिहिलंस, "प्रकरण अपात्र ठरलं." बाहेरच्या वाचकाला यातलं काही कळणार नाही, आणि मला विचारशील तर आईचं बळ कुठं खर्च झालं ते याच ओळीत दडलंय. २००६ च्या जुलैत विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आणि एका घरापुरती मदत होती एक लाख, त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. तीही प्रकरण पात्र ठरलं तर. त्यासाठी नापिकी दाखवायची, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असल्याचं दाखवायचं, वसुलीचा तगादा दाखवायचा. हातउसन्याला कागद नसतो, कृषी केंद्राच्या उधारीला वहीतली एक ओळ. महिन्याभरापूर्वी नवरा गेलेली बाई तलाठ्याकडे, तहसीलला, पुन्हा तलाठ्याकडे जाते आणि आपला नवरा नियमात बसेल अशा कारणानं मेला हे सिद्ध करत बसते. सातबारा कुणाच्या नावावर होता, वारसनोंदीत तिचं नाव कुणी लांबवलं का, हेही लिही. ज्या संध्याकाळी काडी उचलली गेली, त्या दिवशी आई तहसीलहून परत आली होती का? तारखा जुळवून बघ. तसं असेल तर त्यावर टिप्पणी करू नकोस. सकाळची एसटी, दुपारची रांग, संध्याकाळची काडी, ओळीनं येऊ दे.

तांबड्याचं पान काढल्यावर शेवट काय करायचा, हे विचारशीलच. 'बिलव्हेड'च्या शेवटी सेथा पडूनच आहे. ती म्हणते, माझ्याकडचं सर्वात मोलाचं होतं ते गेलं, म्हणजे मुलगी. पॉल डी सांगतो, तुझ्याकडचं सर्वात मोलाचं तूच आहेस. त्यावर ती उठून उभी राहत नाही. "मी?" एवढंच विचारते, तेही विश्वास न बसल्यासारखं. मुलांपलीकडे तुझ्या आईला काय हवं होतं, हे तुझ्या कथेत कुठंच नाही. एक वस्तू, एक गाव, एखाद्या मैत्रिणीकडे राहायला जायचं, काहीही. तिला काही हवंसं वाटलं तो दिवस सापडला तर शेवट तिथं कर.

राहिला आईला वाचायला देण्याचा प्रश्न. हातात कागद देऊ नकोस, वाचून दाखव. छापायला पाठवायच्या आधी, आणि सणासुदीच्या गडबडीत तर नकोच. तो मार आणि ते दोन दिवस वाचून झाल्यावर ती म्हणाली, हे नको, तर कथा बाजूला ठेव. आत्मचरित्र असतं तर मी वेगळं सांगितलं असतं कदाचित. इथं तुझ्याकडे दुसरा रस्ता आहे, गाव बदलता येतं, घर बदलता येतं, लेकीच्या जागी पुतणी आणता येते. तिला न विचारता गावानं वाघीण केलं. तिला न विचारता आपण खचलेली केली, तर आपल्यात आणि स्टेजवरच्यांत फरक तो काय? माझा अंदाज विचारशील तर ती नाही म्हणणार नाही. शालीबद्दल जी बाई तसं बोलली तिला खोटं कौतुक नकोय.

पण तिच्याही आधी भावाकडे जा. तो आता चोवीसचा असेल. तुझ्या कथेत त्याची पाठ आहे, त्याचं एकही वाक्य नाही, 'बाबा कवा येतीन' सोडून. त्याला तो दिवस आठवतो का, आणि आठवत असेल तर कसा, हे तू त्याला कधी विचारलंयस असं पत्रावरून वाटत नाही. आठवत नसेल तर ते त्याला छापील पानावरून कळू नये. आठवत असेल तर त्याची आठवण तुझ्यासारखी निघणार नाही, आणि मग तुला कथा पुन्हा लिहावी लागेल. लिही. घाई नाही.

तुझी,
ताई